एका बोर्डावर दोन कार्डें



गेल्या उन्हाळ्यांतील गोष्ट आहे. बारावीची परीक्षा आटोपून आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी आपल्या वडिलांसह माझ्या घरीं आला. वडील लातूर जिल्ह्यांतील कोरडवाहू शेतकरी. सोयाबीन विकून, देणीं भागवून जें कांहीं हातीं राहिलें होतें त्यांतून मुलास संगणक घेऊन द्यावा, असा त्यांचा विचार होता. मुलाच्या हातांत एक चिठ्ठी होती व तिच्यावर पहिलीच ओळ अशी होती : ‘दोन ग्राफिक्स कार्डें बसतील असा स्वस्त मदरबोर्ड.’ वडिलांनीं ती चिठ्ठी माझ्यापुढें ठेवली आणि म्हटलें, “सर, लेकरू दोन कार्डं म्हणतंय. एकानं भागत नाही का?”

त्या प्रश्नाचें उत्तर मला तत्काळ देतां आलें नाहीं. तें उत्तर शोधीत असतां आम्हां तिघांचें जें बोलणें झालें, तेंच येथें क्रमानें मांडीत आहें. नांदेड व लातूर येथील अनेक घरांत आज हाच प्रश्न उभा आहे. पैसा एकदांच हातीं येतो आणि चुकीच्या वस्तूंत गुंतला तर दुसरें पीक येईपर्यंत थांबावें लागतें. म्हणून हा विषय केवळ हौसेचा नव्हे, तर हिशेबाचाही आहे.

मदरबोर्ड म्हणजे काय?

संगणकाच्या कॅबिनेटचें झांकण काढिलें असतां जी मोठी पाटी दिसते तिला मदरबोर्ड म्हणतात. प्रोसेसर, स्मरणाच्या पट्ट्या, डिस्क व ग्राफिक्स कार्ड हीं सर्व तिच्यावर येऊन बसतात. ही पाटी स्वतः गणित करीत नाहीं. गणित करणारांची एकमेकांशीं गांठ घालून देणें हें तिचें काम. प्रोसेसरापासून कार्डापर्यंत माहिती ज्या वाटांनीं जाते त्यांना ‘लेन’ म्हणतात. घरगुती प्रोसेसरांपैकीं बहुतेकांत ग्राफिक्स कार्डासाठीं अशा १६ लेन राखून ठेवलेल्या असतात.

आपल्याकडील पाटबंधाऱ्याचें उदाहरण घेऊं. प्रोसेसर हें धरण समजा. धरणापासून १६ चाऱ्यांचा कालवा निघतो. शेत एकच असेल तर सर्व १६ चाऱ्या त्यालाच मिळतात. शेतें दोन असतील तर दोन प्रकार संभवतात. पहिला प्रकार असा कीं, कालव्यावर दारें बसवून ८ चाऱ्या एका शेतास व ८ दुसऱ्यास द्याव्या. दुसरा प्रकार असा कीं, पहिल्या शेतास सर्व १६ द्याव्या आणि दुसऱ्यास वेगळ्या साठवण तळ्यांतून ४ चाऱ्या काढून द्याव्या. हें तळें म्हणजे बोर्डावरील चिपसेट. तें धरणांतूनच एका अरुंद पाटानें भरतें, आणि त्याच पाण्यावर डिस्का, यू. एस्. बी. व नेटवर्क या सर्वांची तहान भागावयाची असते. दुसऱ्या शेतास पाणी मिळतें खरें. परंतु तें वांटणीचें पाणी.

दुकानांत ठेवलेल्या दोन बोर्डांवर दोन-दोन लांब स्लॉट दिसतील. बाहेरून दोन्ही सारखेच. एकांत कालव्याचीं दारें आहेत, दुसऱ्यांत नाहींत. किमतींतील मोठा फरक पुष्कळदां याच ठिकाणीं दडलेला असतो.

माझी स्वतःची चूक

कांहीं वर्षांपूर्वीं मीही दोन कार्डें घेतलीं होतीं. एका दुकानांत जाऊन विचारलें, “या बोर्डावर दोन कार्डें बसतील काय?” दुकानदार म्हणाला, “बसतील.” त्याचें उत्तर अक्षरशः खरें होतें. कार्डें बसलीं, पण जोडीनें चाललीं नाहींत. माझ्या एन्व्हिडिया जातीच्या कार्डांस जोडीनें चालण्यासाठीं प्रत्येकीं निदान ८ लेन लागत, आणि त्या बोर्डाच्या दुसऱ्या स्लॉटास चिपसेटांतून केवळ ४ लेन मिळत होत्या. शिवाय दोन्ही स्लॉट इतके जवळ होते कीं, वरच्या कार्डाच्या पंख्यास श्वास घेण्यास जागा उरली नाहीं. मे महिन्याच्या उकाड्यांत तें कार्ड तापून आपला वेग आपणच कमी करी. दुकानदारास दोष देण्यांत अर्थ नव्हता. प्रश्नच अपुरा होता. ‘बसतील काय?’ असें न विचारतां ‘दोन्ही बसल्यावर प्रत्येकास किती लेन मिळतील व त्यांमध्यें किती अंतर राहील?’ असें मीं विचारावयास हवें होतें.

जोडीचा इतिहास

दोन कार्डांची कल्पना नवी नाहीं. १९९८ सालीं ३डीएफ्एक्स् या कंपनीनें ‘व्हूडू २’ नांवाचें कार्ड काढलें. तशीं दोन कार्डें जोडलीं असतां चित्रांतील आडव्या रेषा तीं आळीपाळीनें वांटून घेत. २००४ मध्यें एन्व्हिडियानें ‘एस्. एल्. आय्.’ व २००५ मध्यें एटीआयनें ‘क्रॉसफायर’ ही पद्धति आणली. एकाच जुवाला दोन बैल जुंपावे तशी ही जोडी असे. खेळाचें एक चित्र एका कार्डानें काढावें, पुढचें दुसऱ्यानें. परंतु जुवाखालच्या बैलांनीं पाऊल बरोबरीनें टाकावें लागतें. एक मागें पडला कीं गाडी हिसके देते. शिवाय प्रत्येक खेळ तयार करणारानें या जोडीसाठीं निराळी तरतूद करावी लागे. ही खटपट हळूहळू मागें पडली. १ जानेवारी २०२१ पासून एन्व्हिडियानें जुन्या कार्डांसाठीं एस्. एल्. आय्. ची नवी तरतूद करणें थांबविलें. २०२० च्या ‘३०’ मालिकेंत कार्डें जोडण्याची सोय केवळ ३०९० या महाग जातींत उरली, आणि २०२२ च्या ४०९० मध्यें तीही राहिली नाहीं.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो : खेळ खेळण्यासाठीं कोणी आज दोन कार्डें घेऊं पाहात असेल तर त्यानें तो विचार सोडून द्यावा. त्याच पैशांत एकच अधिक चांगलें कार्ड घेणें सर्व दृष्टींनीं श्रेयस्कर होय.

मग दोन कार्डांचा उपयोग कोठें?

एक जूं सोडून दोन बैलांना दोन स्वतंत्र गाड्या दिल्या तर काम निराळ्या रीतीनें होतें. ज्या कामाचे स्वतंत्र तुकडे पडतात तेथें दोन कार्डें आजही उपयोगी आहेत. ‘ब्लेंडर’ प्रणालींत चलच्चित्रें तयार करतांना दोन कार्डें काम वांटून घेतात. संगणकास छायाचित्रांवरून वस्तु ओळखावयास शिकवितांना एक प्रयोग एका कार्डावर व दुसरा प्रयोग दुसऱ्यावर चालवितां येतो.

आपल्या महाराष्ट्रानें हा धडा फार मोठ्या प्रमाणावर गिरविला आहे. परदेशांतून महासंगणक मिळण्यांत अडचणी आल्या तेव्हां १९८८ मध्यें पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली, आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ मध्यें ‘परम ८०००’ हें यंत्र सिद्ध झालें. एक अतिबलाढ्य प्रोसेसर मिळविण्याऐवजीं ‘ट्रान्सप्यूटर’ नांवाचे अनेक लहान प्रोसेसर एकत्र जोडून काम वांटून देणें, हें त्याचें मर्म होतें. पुणें जिल्ह्यांत खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी महाकाय रेडिओ-दुर्बीण आहे, तिच्या सुधारित यंत्रणेंत तबकड्यांकडून येणाऱ्या संकेतांचें गणित करण्याच्या कामीं ग्राफिक्स कार्डें योजिलेलीं आहेत. सी-डॅकचें ‘परम सिद्धि-एआय’ हें यंत्र नोव्हेंबर २०२० मध्यें जगांतील पांचशें वेगवान यंत्रांच्या यादींत ६३ वें होतें. त्याचेंही बळ अशाच जातीच्या प्रोसेसरांत आहे.

तथापि दोन कार्डें म्हणजे दुप्पट वेग नव्हे. समजा, एका कामास १०० मिनिटें लागतात व त्यांपैकीं ८० मिनिटांचेंच काम वांटतां येण्याजोगें आहे. दोन कार्डें लाविलीं तर त्या ८० चीं ४० होतील. उरलेलीं २० तशींच राहतील. एकूण ६० मिनिटें. म्हणजे खर्च दुप्पट आणि वेग सुमारें पावणेदोन पट. हा नियम जीन अॅमडाल यांनीं १९६७ मध्येंच सांगून ठेविला आहे.

दुसरा भ्रम स्मरणाविषयीं. १२ जीबीचीं दोन कार्डें घेतलीं म्हणजे २४ जीबी झाले, असें सर्वत्र होत नाहीं. ब्लेंडरसारख्या कामांत दोन्ही कार्डांस संपूर्ण दृश्याची आपापली प्रत ठेवावी लागते. म्हणून १४ जीबीचें दृश्य १२ जीबीच्या दोन कार्डांतही मावत नाहीं. भाषेच्या मोठ्या प्रतिकृति चालविणाऱ्या कांहीं प्रणाली मात्र प्रतिकृतीचे थर दोन कार्डांत वांटून ठेवूं शकतात. तेथें दोहोंचें स्मरण खरोखर उपयोगी पडतें.

बोर्ड निवडतांना काय पाहावें?

पहिली गोष्ट, लेनची वांटणी. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेंत स्लॉटांविषयींचा परिच्छेद काढावा. ‘एक कार्ड असतां एक्स् १६, दोन असतां एक्स् ८ व एक्स् ८’ अशा अर्थाचें वाक्य असेल तर दारें आहेत असें समजावें. ‘दुसरा स्लॉट एक्स् ४ रीतीनें चालतो’ असें असेल तर तें तळ्याचें पाणी होय. इंटेलच्या बोर्डांत बी ६६० व बी ७६० या चिपसेटांत कार्डाच्या १६ लेनची अशी वांटणी होत नाहीं. झेड् जातीच्या चिपसेटांत ती होऊं शकते. मात्र ‘होऊं शकते’ व ‘केलेली आहे’ यांत भेद आहे. झेड् ६९० चे स्वस्त बोर्ड पुष्कळदां दारें न बसवितांच विकले जातात. एएम्‌डीच्या एएम् ४ जातींत बी ४५० मध्यें वांटणी नाहीं. एक्स् ४७० व एक्स् ५७० यांच्या अनेक बोर्डांत आहे. बी ५५० च्या कांहीं थोड्या बोर्डांत आहे. म्हणून चिपसेटाच्या नांवावर विसंबून न राहतां त्याच बोर्डाची पुस्तिका वाचावी. स्लॉटांत डोकावून सोनेरी पिना किती लांबीपर्यंत आहेत हें पाहिलें तरी पुष्कळ कळतें; लांब स्लॉटांत पिना थोड्याच अंतरापर्यंत असतील तर तो नांवाचाच मोठा आहे.

दुसरी गोष्ट, प्रोसेसर. एएम् ४ च्या रायझन २२००जी व २४००जी यांत कार्डासाठीं मुळांत ८ च लेन आहेत. मग बोर्ड कितीही चांगला असो, आडांत नसेल तर पोहऱ्यांत कोठून येणार?

तिसरी गोष्ट, अंतर. शेजारच्या दोन स्लॉट-जागांत २०.३२ मिलिमीटर अंतर असतें. दोन जागा व्यापणारें कार्ड सुमारें ४० मिलिमीटर जाडीचें झालें. दोन्ही लांब स्लॉट तीन जागांच्या अंतरावर असतील तर सुमारें ६१ वजा ४०, म्हणजे कार्डांमध्यें अवघें २ सेंटिमीटर हवेसाठीं उरतें. हें किमान समजावें. लहान आकाराच्या २४४ मिलिमीटर चौरस बोर्डावर हें जुळणें कठीण. पूर्ण आकाराचा, ३०५ मिलिमीटर लांबीचा बोर्ड व मोठें हवेशीर कॅबिनेट घ्यावें. आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, हें पुस्तिका लिहिणारास ठाऊक नसतें; आपणांस ठाऊक आहे.

चौथी गोष्ट, वीज. उदाहरणार्थ, आर्. टी. एक्स्. ३०६० हें कार्ड १७० वॅट घेतें. दोन कार्डांचे ३४०, साध्या प्रोसेसराचे ६५, बोर्ड, डिस्का व पंखे मिळून अंदाजें ७५. एकूण ४८० वॅट. बाजारांत ज्यास एस्. एम्. पी. एस्. म्हणतात त्या वीजपेटीवर तिच्या शक्तीच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भार सतत ठेवूं नये, असा हिशेब धरला तर ७५० वॅटची चांगली पेटी हवी. स्लॉटांतून कार्डास अधिकांत अधिक ७५ वॅट मिळतात; उरलेली वीज स्वतंत्र तारांनीं द्यावयाची असल्यामुळें पेटीस तशा जोडण्या पुरेशा आहेत कीं नाहींत हेंही पाहावें. वीज जाणें हें आपल्याकडे नवें नाहीं. घरोघरीं दिसणारा ६०० व्हीएचा यू. पी. एस्. एवढा भार पेलणार नाहीं. १ केव्हीएचा यू. पी. एस्. बहुधा ६०० वॅट देतो, तो काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरता पुरेल.

पांचवी गोष्ट, चालू खर्च. दोन कार्डें रोज ८ तास पूर्ण भारानें चालविलीं तर ३४० गुणिले ८, म्हणजे २.७२ युनिट रोज, आणि महिन्यास सुमारें ८२ युनिट. वीज-बिल वडिलांच्या नांवें येतें, हें विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

स्वस्त मार्ग

आतां ‘स्वस्त’ या शब्दाकडे वळूं. तीन मार्ग दिसतात. पहिला, ४ लेनच्या दुसऱ्या स्लॉटाचा साधा नवा बोर्ड. माझी फसगत सांगितली म्हणून हा मार्ग सर्वस्वी त्याज्य समजूं नये. तिसऱ्या पिढीची एक लेन सेकंदास सुमारें १ जीबी माहिती नेते. म्हणजे ४ लेन सुमारें ४ जीबी. १२ जीबीचें दृश्य कार्डांत चढविण्यास ३ सेकंद लागले आणि पुढें तें कार्ड तासभर गणित करीत बसलें, तर ३ सेकंदांचें दुःख कशाला? माहितीची ये-जा सतत होणार असेल तेव्हांच अरुंद वाट खरोखर नडते. दुसरा मार्ग, ८-८ वांटणीचा निवडक बी ५५० बोर्ड शोधणें. तिसरा, एक्स् ४७० वा एक्स् ५७० चा वापरलेला बोर्ड घेणें. नांदेडचे लोक रेल्वेनें सिकंदराबादेस जाऊन पार्क लेनवरील संगणक-बाजार पाहतात. लातूरकरांना पुणें व मुंबई एकाच गाडीनें गांठतां येतें. परंतु वापरलेल्या बोर्डावर हमी नसते. तो चालू करून, दोन्ही स्लॉटांत कार्ड घालून, प्रत्येकास किती लेन मिळतात हें पडद्यावर पाहिल्यावांचून पैसे देऊं नयेत. फुगलेल्या कपॅसिटरांकडेही नजर टाकावी.

आणखी एक मार्ग आहे व त्यास पैसा लागत नाहीं. ‘कॅगल’ या संकेतस्थळावर नोंदणी केलेल्या विद्यार्थ्यास आठवड्यांतून कांहीं तास दोन ‘टी ४’ कार्डें असलेलें दूरस्थ यंत्र मोफत वापरतां येतें. आपलें काम दोन कार्डांवर खरोखर लवकर होतें कीं नाहीं, हें विकत घेण्यापूर्वींच कळूं शकतें. बी पेरण्यापूर्वीं मूठभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून उगवण पाहावी, तशांतलाच हा प्रकार.

शेवट

हें सर्व झाल्यावर मीं त्या मुलास विचारलें, “तुला नेमकें करावयाचें काय आहे?” सोयाबीनच्या पानांचीं छायाचित्रें पाहून रोग ओळखणारी प्रणाली तयार करावयाची आहे, असें त्यानें सांगितलें. वडील एकाएकीं सरसावून बसले. मुलास दोन कार्डें कशासाठीं हवीं आहेत, हें त्यांनीं तोपर्यंत विचारलेंच नव्हतें व मुलानेंही सांगितलें नव्हतें. “यलो मोझॅक ओळखंल का रे त्ये?” त्यांनीं विचारलें. मुलगा म्हणाला, “बाबा, त्याच्यासाठीच तर करतोय. पण फोटो तुम्हालाच काढून द्यावे लागतील.”

पंधरा दिवस त्यानें मोफत यंत्रावर प्रयोग केले. त्याचें काम एका कार्डांत मावत होतें. दुसऱ्यामुळें वाचणारा वेळ रात्रभर यंत्र चालू ठेवूनही भरून निघण्यासारखा होता. शेवटीं त्यांनीं १२ जीबीचें एकच कार्ड घेतलें. बोर्ड मात्र ८-८ वांटणीचा, वापरलेला, नीट पारखून घेतला, आणि वीजपेटी पुढचा विचार करून ७५० वॅटची. उरलेल्या पैशांतून विहिरीवरील मोटार दुरुस्त झाली. दुसरा स्लॉट आज रिकामा आहे. काम वाढलें तर तो भरेल. न वाढलें तर कांहीं बिघडलें नाहीं. दिवाळींत मुलगा भेटावयास आला तेव्हां त्याच्या यंत्रांत वडिलांनीं बांधावर उभें राहून काढलेलीं कित्येक पानांचीं छायाचित्रें होतीं; प्रत्येकाखालीं निरोगी कीं रोगट, तें वडिलांनींच सांगितलेलें होतें.

लेन, वॅट व मिलिमीटर यांचा हिशेब आम्हीं दोघांनीं केला. परंतु त्या हिशेबाचा पहिला प्रश्न, ‘एकानं भागत नाही का?’, हा ज्यांनीं संगणक कधीं उघडून पाहिला नव्हता त्यांनीं विचारला होता. विद्यार्थ्यांनीं तो प्रश्न रागावून न टाळतां त्याचें उत्तर आंकड्यांनिशीं द्यावें. आणि पालकांनीं तो विचारतांना ‘कशासाठीं?’ एवढें जोडून विचारावें.

विद्यार्थ्यांसाठीं प्रश्न

१. एका कामास ९० मिनिटें लागतात. त्यांपैकीं ६० मिनिटांचें काम दोन कार्डांत वांटतां येतें. दोन कार्डांवर एकूण किती वेळ लागेल?

२. दोन लांब स्लॉटांमध्यें चार जागांचें अंतर आहे व कार्ड दोन जागा व्यापतें. हवेसाठीं किती मिलिमीटर उरतील?

३. आपल्या घरच्या संगणकाच्या बोर्डाची पुस्तिका मिळवून त्यांतील स्लॉटांचा परिच्छेद वाचा आणि घरांतील वडील माणसांस तो मराठींत समजावून सांगा.